‘आम्ही नाही का काढले दिवस?’

प्रश्न, थोडक्यात: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. दहावीत असताना माझ्या वडिलांनी आत्महत्या केली. आईनं दुसऱ्याच्या वावरात निंदण-वेचणी करून आम्हा बहीणभावांना वाढवलं. आता आजूबाजूला असं काही घडलं की लोक मला बोलावतात, ‘हिले कळते’ म्हणतात. पण तिथं गेलं की एक तर मलाच रडू आवरत नाही, नाही तर त्या घरच्या बाईचा राग येतो. आम्ही नाही का काढले दिवस? मग वाटतं, माझ्यातली माया आटली की काय. ज्यानं सोसलं त्याला दुसऱ्याचं कळतं म्हणतात, मग माझं असं का? आणि एक संस्था म्हणते की कार्यक्रमात तुमची गोष्ट सांगा. सांगू का?

उत्तर:

ताई, रागापासून सुरुवात करते. रडण्याबद्दल तुम्ही सहज लिहिलंय, रागाबद्दल मात्र चाचरत. म्हणजे मनाला लागलंय ते तेच.

मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यात मानसिक आरोग्याचं काम करते, आणि अशा घरांची सोबत कशी करायची ते गावातल्या बायांना शिकवते. त्यांतल्या बहुतेकींच्या घरात हे घडून गेलेलं आहे. माझ्या घरात घडलेलं नाही. त्यामुळे जखम असलेली बाई काय करू शकते आणि कुठे अडते, हे मला बाजूला उभं राहून पाहायला मिळतं. तुम्ही लिहिलेला राग मी इतक्यांदा ऐकलाय की एखादी नवी बाई पहिल्या बैठकीत ‘मले लय कीव येते’ एवढंच म्हणाली, तर मी मनात म्हणते, हिनं अजून सगळं सांगितलेलं नाही.

‘ज्याचं जळते त्यालेच कळते’ हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात, आणि गाव तुम्हाला बोलावतं ते याच भरवशावर. तो भरवसा पूर्ण खरा नाही. २०१५ साली रेचल रटन, मेरी-हंटर मॅकडॉनल आणि लोरन नॉर्डग्रेन या अमेरिकी संशोधकांनी हेच तपासून पाहिलं. शिकागोला थंडीच्या दिवसांत मिशिगन सरोवराच्या गोठवणाऱ्या पाण्यात उडी मारण्याचा एक कार्यक्रम असतो. तिथं आलेल्यांना त्यांनी एका माणसाची हकिकत वाचायला दिली. तो उडी मारायला निघतो आणि ऐनवेळी माघार घेतो. काहींनी ती स्वतःच्या उडीआधी वाचली, काहींनी उडी मारून झाल्यावर आठवडाभरानं. ज्यांची उडी मारून झाली होती त्यांना त्या माणसाबद्दल कमी सहानुभूती वाटली, उलट थोडी तुच्छताच वाटली. शाळेत छळ सोसलेल्यांबाबतही त्यांना असंच काही दिसलं. छळाला धीरानं तोंड देणाऱ्या मुलाबद्दल त्यांना इतरांपेक्षा जास्त माया वाटली. जो मुलगा कोलमडला आणि हात उगारून बसला, त्याच्याबद्दल मात्र इतरांपेक्षा कमी. आणि लोकांना आधी विचारलं, तर त्यांचा अंदाज नेमका उलटा होता: ज्यानं स्वतः सोसलंय तोच जास्त समजून घेईल.

याला आपल्या गावात प्रयोगाची गरज नाही म्हणा. बहात्तरच्या दुष्काळात किंवा त्यानंतर कधी तरी विधवा झालेली सासू असते. ओसरीवर बसून ती नव्यानं विधवा झालेल्या सुनेला म्हणते, “म्या नाही का पोसले चार लेकरं? काऊन अशी हातपाय गाळून बसली?” ती दुष्ट नसते. त्या पहिल्या वर्षाची चव ती विसरलेली असते. चढून आल्यावर मागे पाहिलं की घाट सपाट वाटतो. आपण निभावलं एवढं लक्षात राहतं, कसं निभावलं ते पुसट होत जातं. शिवाय आपल्या निभावण्याला मोल यायचं, तर ते कुणालाही जमणारं होतं असं मानून चालत नाही, आणि कुणालाच जमणार नाही असंही मानवत नाही. या ओढाताणीतून तुमचा राग येतो. तुमची माया आटलेली नाही.

यावर मी बायांना एक काम देते. ते घरी, एकटीनं करायचं. आपलं दुःख किती मोठं होतं ते लिहायचं नाही. तेरवीनंतरच्या वर्षभरात आपल्यासाठी कुणी काय केलं आणि कुणी काय केलं नाही, तेवढंच लिहायचं. वहीचं एक पान पुरतं. शाळेची फी कुणी थांबवून धरली? रेशन कार्डावरचं नाव बदलायला तहसीलला आईसोबत कोण गेलं? कोणत्या काकानं वावराच्या धुऱ्यावरून भांडण उकरून काढलं? पोळ्याला बैल नसलेल्या दारी कोणी पुरणपोळी पाठवली? आधी बाया म्हणतात, “कोणीच नव्हतं.” मग पान भरत जातं. एखादी शेजारीण निघते, एखादे मास्तर निघतात. आणि जे कुणीच केलं नाही त्याचीही यादी होते, तीसुद्धा कामाचीच. कारण पहिल्या यादीतून कळतं की आपण एकट्यानं निभावलं नव्हतं. रागाचा अर्धा जोर तिथंच जातो. दुसऱ्या यादीतून पुढच्या घरी काय घेऊन जायचं ते कळतं.

हे मी मनचं सांगत नाही. एर्विन स्टाउब नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. १९३८ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४४ मध्ये ते सहा वर्षांचे असताना शहरात ज्यूंना वेचून मारलं जात होतं. त्यांचं कुटुंब वाचलं ते स्वीडनचे राजनैतिक अधिकारी राऊल वॉलेनबर्ग यांनी वाटलेल्या संरक्षणपत्रांमुळे, आणि त्यांच्याच घरी कामाला असलेल्या एका बाईमुळे. तिला स्वतःला धोका नव्हता, तरी ती जीव पणाला लावून त्यांच्या पाठीशी राहिली. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्यावर स्टाउब आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे लागले: माणूस माणसाला का मारतो, आणि का वाचवतो. २००८ मध्ये योहाना फोलहार्ट यांच्यासोबत त्यांनी लिहिलं की सोसलेली माणसं दोन्हीकडे जाऊ शकतात. काही कडवट होतात, जग वैरीच आहे असं धरून बसतात. काही दुसऱ्यासाठी उभी राहतात. दुसऱ्या वाटेला कोण लागतं? ज्यांना त्या काळात किंवा नंतर कुणी हात दिला, ज्यांची जखम काही प्रमाणात तरी भरली, ज्यांना स्वतःहून काही करून पाहण्याची संधी मिळाली, आणि आपल्यासारखं दुसऱ्याचंही दुखतं हे ज्यांच्या नजरेला पडलं. म्हणजे नुसतं दुःख पुरत नाही, त्या दुःखाला कुणी तरी भेटलेलं असावं लागतं. तुम्हाला कोण भेटलं होतं ते त्या पानावर येईल. फारसं कुणी भेटलं नसेल तर आता भेटवून घ्यावं लागेल, त्याबद्दल पुढे लिहिते.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर सिंधुताई सपकाळ सगळ्यांना ठाऊक आहेत. १९४८ साली वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघेत जन्म, घरचं नाव ‘चिंधी’. चौथीपर्यंत शाळा, लहान वयात लग्न, पोटुशी असताना नवऱ्यानं हाकललं, गोठ्यात बाळंतपण, माहेरानंही थारा दिला नाही. पुढे रेल्वे स्टेशनांवर गाणी म्हणून भीक मागितली. ही हकिकत सांगताना लोक इथं डोळे पुसतात आणि थांबतात. मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. स्टेशनवर मिळालेलं अन्न त्या तिथल्याच भुकेल्यांसोबत वाटून खाऊ लागल्या. भुकेचं काय करायचं ते त्यांना त्या पंगतीत समजलं. चिखलदऱ्याला त्यांनी मुलांसाठी आसरा उभा केला, मेळघाटात वाघांच्या प्रकल्पापायी उठवल्या जाणाऱ्या आदिवासी गावांसाठी भांडल्या. आणि आपल्या पोटच्या मुलीला, ममताला, त्यांनी पुण्यातल्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई ट्रस्टच्या आधाराला ठेवलं. कारण स्वतःचं लेकरू जवळ असलं की दुसऱ्यांच्या लेकरांत आणि त्यात फरक होणार. हे कुणी करावं असं मी म्हणत नाही. त्याची किंमत त्या मुलीनंही मोजली असणार. पण आपली जखम आपल्याला कुणीकडे ओढते आहे, हे त्या बाईला नेमकं ठाऊक होतं. २०२१ ला पद्मश्री मिळाली, २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या.

गाडगेबाबांचंही तसंच. १८७६ साली शेणगावात जन्मलेल्या डेबूचा बाप दारूपायी गेला, घर विस्कटलं आणि आई पोराला घेऊन आपल्या माहेरी, दापुऱ्याला आली. मोठं झाल्यावर मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत द्यायची, तर यांनी गोडधोड वाढलं. १९०५ मध्ये घर सोडलं. पुढे कीर्तनातून दारू आणि कर्ज यांवर जन्मभर बोलले, पण उपदेशापेक्षा प्रश्न जास्त विचारत. लोकांकडूनच उत्तर काढून घेत. हे मी बायांना मुद्दाम सांगते, कारण सोसलेल्या माणसाला सल्ला द्यायची फार घाई असते.

इथंच एक तक्रार नोंदवून ठेवते. कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली आणि बाबा म्हणाले, “ऐसे मेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी”, असं सांगतात. बापानं स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलेलं ते वाक्य. आपल्याकडे मात्र बसायला आलेली मंडळी ते रडणाऱ्या बाईच्या तोंडावर मारतात. तिला गप्प करायला बाबांचं नाव घेऊ नये.

आणि दुःख भोगल्याशिवाय करुणा येतच नाही असंही धरून चालू नका. बाबा आमटे हिंगणघाटच्या सुखवस्तू घरात वाढले. वरोऱ्यात एका कुष्ठरुग्णाला पाहून आधी भयानं पळाले, मग त्या भयाची लाज वाटून परत फिरले. वरोऱ्याचं आनंदवन त्या परत फिरण्यातून उभं राहिलं. हे सांगितलं अशासाठी की उद्या तुमच्यासोबत जिचं घर सुखरूप आहे अशी बाई काम करायला आली, तर ‘तुले काय समजणार’ म्हणून तिला बाजूला बसवू नका. ती तुमच्या उपयोगाची आहे. तुम्हाला भरून आलं की बोलणं ती पुढे नेईल.

आता रडण्याचं. डोळ्यांत पाणी येण्यात काही वाईट नाही. अडचण कधी होते? तुम्ही त्या बाईच्या घरात बसून स्वतःच्या दहावीच्या वर्षात पोचता तेव्हा. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधक बायांनी लोकांना दोन तऱ्हांनी शिकवून पाहिलं. दुसऱ्याची वेदना आपल्यात उमटू देण्याचा सराव केला तर माणसं अधिकच खचत गेली. त्याच माणसांना दुसऱ्याचं बरं व्हावं अशी इच्छा धरण्याचा, आपुलकीनं त्याच्याकडे पाहण्याचा सराव दिला तेव्हा त्यांना धीर आला आणि मदतीला पुढे व्हावंसं वाटलं. प्रत्यक्षात हे कसं करायचं? ‘मी हिच्या जागी असते तर’ हा विचार सोडायचा. तुम्ही तिच्या जागी होता, त्यामुळे तो विचार तुम्हाला सरळ मागे नेतो. त्याऐवजी तिच्या घराकडे नजर टाकायची. चूल पेटली का? लेकरं कुठं आहेत? म्हातारा सासरा कोपऱ्यात एकटा का बसलाय? कोण बोलतंय आणि कोण अजिबात बोलत नाही? एक बाई मला म्हणाली होती, “तुमच्याकडून एवढंच शिकली मी ताई, तिचं घर वायलं, माहं घर वायलं.” मला तेवढं पुरे आहे.

स्वतःची हकिकत त्या घरी सांगायची का? पहिल्या भेटीत नाही. गावाला ती ठाऊक असतेच, त्या बाईलाही असते. तीच विचारील, “तुम्ही कसं काढलं ताई?” तेव्हा दोन-तीन वाक्यांत सांगा आणि बोलणं पुन्हा तिच्याकडे वळवा. “आमचंही असंच झालं” हे वाक्य आपल्याला धीराचं वाटतं, ऐकणारीला मात्र पुष्कळदा वाटतं की आता हिचंच ऐकावं लागणार.

जायचं कधी? तेरवीनंतर. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, पुढारी येऊन जातात, फोटो निघतात, पंगतीसाठी वर कर्जही होतं. चौदाव्या दिवशी अंगणात कुणी नसतं. त्या आठवड्यात जा, महिन्यानं जा, मग पेरणीच्या तोंडावर जा. मार्चअखेर कर्जाचं नवं-जुनं करायची वेळ येते तेव्हा तर नक्की जा. बँकेचा किंवा सोसायटीचा माणूस दारात उभा राहील तेव्हा ती एकटी नसावी.

आणि हातात काम घेऊन जा. माझा अनुभव असा की हाताला काम असलं की रडणंही ताब्यात राहतं आणि रागही. आपल्याकडे या घरांचं निम्मं दुःख कागदांचं असतं. शासनाची १ लाखाची मदत २००६ च्या निर्णयापासून आहे. त्यातले ३० हजार हाती येतात आणि ७० हजार ठेवीत ठेवतात. पण प्रकरण आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे पात्र ठरावं लागतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असेल तर मोजतात. ज्याच्या घरी जाऊन हातउसने घेतले, ज्याच्याकडे चिठ्ठीवर अंगठा दिला, ते कुठंच दिसत नाही. मक्त्यानं वावर करणाऱ्याकडे तर दाखवायला कागदच नसतो. ‘अपात्र’ शिक्का बसला की त्या घराला तो माणसावर बसल्यासारखा लागतो. नवरा शेतकरी म्हणून मेला हेसुद्धा सरकारनं मानलं नाही. तुम्हाला हे आतून ठाऊक आहे, आणि इथंच तुमच्या जखमेचा खरा उपयोग आहे. कोणत्या टेबलावर माणूस खालच्या मानेनं उभा राहतो ते तुम्ही आईच्या पदराला धरून पाहिलेलं असेल. त्या टेबलापर्यंत तिच्यासोबत जा.

अपात्र ठरलं तरी दारं बंद होत नाहीत. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार एकरकमी मिळतात, मरण कशानं आलं ते त्यात विचारत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला दरमहा १५०० रुपये आहेत, मात्र उत्पन्नाची अट कडक आहे, वर्षाला २१ हजार. तो दाखला काढतानाच पुष्कळ बाया दमून सोडून देतात. लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा २२५० रुपये. तिचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात जातो. ही शेवटची योजना गावात जवळपास कुणालाच ठाऊक नसते आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची आहे, कारण दहावीतल्या पोराची शाळा तिच्यामुळे टिकू शकते.

वारसनोंदीला उशीर करू देऊ नका. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्यायची असते. नवऱ्याच्या नावची जमीन असेल तर हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांचा सारखा वाटा. सातबाऱ्यावर फक्त मुलाचं नाव चढवून ‘आई अपाक’, म्हणजे अज्ञान मुलाची नुसती पालक, असं लिहिण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. दीर-भासरे तेरवीतच ‘आता कुठं कागदाचं काढता’ म्हणतात. नम्रपणे ऐकायचं आणि अर्ज द्यायचा. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथांबाबत कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, त्यानंतर राज्य शासनानंही परिपत्रक काढलं. तुमच्या ग्रामसभेत तसा ठराव आणता येईल. पण तो एखाद्या घरात मरण झालेलं असताना आणू नका. त्या बाईला वादाचं निमित्त करू नका.

लेकरांबद्दल तुमच्याइतकं मला सांगता येणार नाही. तरी एक. ‘बाबा गावाला गेले’ असं त्यांना कुणी सांगत असेल तर थांबवा. शाळेत दुसऱ्याच दिवशी खरं कळतं, आणि मग घरच्यांवरचा विश्वास जातो. साध्या शब्दांत खरं सांगायचं, कसं केलं त्याचा तपशील टाळायचा, आणि ‘तुझ्यामुळे झालं नाही’ हे वरचेवर म्हणायचं. आदल्या दिवशी बाबांकडे बुटासाठी हट्ट धरला होता असं एखादं पोर कित्येक वर्षं मनात धरून बसलेलं असतं.

आणखी एक काम थोडं अवघड आहे. ज्या घरात एक आत्महत्या झाली तिथं मागे राहिलेल्यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून सरळ विचारायचं, “ताई, जीव नकोसा वाटतो का? मरायचे विचार येतात का?” असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे. उलट, विचारणारं कुणी भेटलं म्हणून बाई मोकळी होते. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटीला सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं उरलेलं औषध घराबाहेर कुणाच्या तरी कुलपात ठेवायचं आणि १४४१६ ला, म्हणजे सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला, तिथूनच फोन लावायचा. हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. कुणी प्रयत्न करून वाचलं असेल तर घरचे पोलिसांच्या धाकानं दवाखान्यात न्यायला कचरतात. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही.

तो नंबर तुमच्यासाठीही आहे. स्टाउब यांनी ‘जखम काही प्रमाणात भरलेली’ म्हटलं, ते तुमच्या बाबतीत झालंय का हे इथं बसून मला सांगता येणार नाही. पण खुणा सांगते. अशा घरून आल्यावर दोन-दोन रात्री झोप लागत नसेल, वडिलांच्या तिथीच्या आसपास कामावर जावंसंच वाटत नसेल, घरी स्वतःच्या लेकरांवर विनाकारण आवाज चढत असेल, तर आधी तुम्ही कुणाशी तरी बोला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथं जाणं म्हणजे ‘डोकं फिरलं’ असं गावात बोलतील. बोलू द्या. वडिलांच्या तिथीच्या महिन्यात असं घर आलं तर दुसऱ्या आशाताईला पाठवा. मी ज्यांना शिकवते त्यांच्यात हा नियमच आहे आणि कुणी त्याला कमीपणा मानत नाही. एकटीनं तर कधीच जाऊ नका. दोघी जा, परत येताना बांधावर किंवा बसथांब्यावर दहा मिनिटं बसून तिथं काय काय मनात आलं ते एकमेकींना सांगा, राग आला असेल तर तोही. सांगितलेला राग पुढच्या भेटीत तिच्यावर निघत नाही.

आता संस्थेच्या कार्यक्रमाचं. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. कधीच नको असं म्हणत नाही. स्वतःच्या तोंडानं आणि स्वतःच्या मर्जीनं सांगितलेल्या गोष्टीनं गावातल्या दुसऱ्या पोरींना बळ मिळतं, हे मी पाहिलंय. पण स्टेजवर तुमच्या हातून माईक सुटला की ती गोष्ट त्यांची होते. अहवालात जाते, बॅनरवर जाते, देणगीदारांपुढे जाते. म्हणून आधी तीन गोष्टी विचारून घ्या. फोटो आणि व्हिडिओ कुठं वापरणार? नंतर काढून टाका म्हटलं तर टाकणार का? आणि गोष्टीऐवजी मी कामाबद्दल बोलले, तेरवीनंतर कसं जायचं, कागद कसे करायचे ते सांगितलं, तर चालेल का? या शेवटच्या प्रश्नावर त्यांचा चेहरा पडला तर त्यांना काय हवंय ते तुम्हाला समजेल.

आणि आईला विचारा. ती गोष्ट तुमच्याआधी तिची आहे, आणि त्या घराच्या भिंतीत ती अजून राहते. तिनं ‘नको’ म्हटलं तर संस्थेला ‘जमणार नाही’ एवढंच कळवा. कारण सांगायची काही गरज नाही.